भट्टीवरचं निळं गाढव

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपली आणि देवघरातली वडिलांची हार्मोनियमची पेटी खाली काढली. ते गेल्यापासून, खराब होईल म्हणून, मी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता.

कळंब्याजवळच्या वीटभट्टीवर मी दर रविवारी मुलांना चित्रकला शिकवतो. गेल्या खेपेला पाहिलं, तर दिलेले रंग तसेच. मुलं कोळशानंच चित्रं काढत होती.

"सविता, रंग वापर की गं!"

"वापरलं तर संपत्यात की काका! तुमीच सांगितलं नव्हं, तुमच्या बाची पेटी खराब हुईल म्हणून झाकून ठेवलीया?"

दहा वर्षांच्या पोरीचं ते बोलणं आठवडाभर मनात घोळत राहिलं.

आज भट्टीवर पेटीवर भजन वाजवलं. ऐकता ऐकता सवितानं रंगांचा डबा उघडला आणि विटा वाहणारं गाढव निळंशार रंगवलं. इतकं देखणं गाढव मी आजवर पाहिलं नव्हतं.

निघताना पेटी मुलांकडेच ठेवून आलो.