दोन बोटांएवढा पैलवान

आमच्या घरातला सगळ्यात भांडकुदळ जीव आज सकाळी गेला.

निळाशार. शेपटी पिवळी. दोन बोटांएवढा डॅमसेल फिश.

समुद्रात प्रवाळात राहणारी जात, आणि आमचा हा कोल्हापुरात, हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत.

आईनं हौसेनं आणला होता. पैलवान हे नावही तिचंच.

टाकीत प्रवाळाचा एक दगड होता, तो त्यानं स्वतःच्या नावावर करून टाकलेला. आईनं काच पुसायला हात घातला की हा चावायला हजर. लागायचं काहीच नाही, पण थाट असा की मैदान मारलंय.

मग आई गेली.

मी पुण्यात, बाबा तिथं एकटे. फोनवर नुसतं "हं". जेवलात का? हं. टाकीत खाणं टाकायचे तेवढंच. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

वर्ष सरलं. खंडेनवमीला मी घरी आले होते. बाबांनी स्कूटरला हळदीकुंकू लावलं, मग टाकीला. आई खालच्या स्टँडला लावायची. बाबांनी थेट काचेवर बोट टेकवलं.

तो लाल ठिपका बघून पैलवानाला वाटलं, हद्दीत दुसरा कोणीतरी शिरला. आतून काचेवर धडका सुरू. थांबायचं नाव नाही.

बाबा वाकून बघत राहिले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचं सलग बोलणं ऐकलं.

"आरं व्हय की. तुझंच घर हाय. कोण काढत न्हाय तुला."

आणि रुमालानं कुंकू पुसून टाकलं. सणाला आलेली आत्या कुंकू पुसलं म्हणून चिडली. ते मुकं डोकं आपटून घेतंय ते बघवत नाही, असं बाबांनी तिला सुनावलं.

तेव्हापासून काच पुसायचं काम बाबांचं. फोनवर पैलवानाच्या तक्रारी सुरू झाल्या. घरात सुरमई तळली की टाकीकडं पाठ करून जेवायचे. पुण्याला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, ह्याला कोण बघणार?

आज सकाळी त्यांचा फोन आला. त्याला जास्वंदीखाली पुरलं म्हणाले. मग सवयीनं काच पुसायला घेतली म्हणे.

"आज कोण चावलं न्हाय गं."

फोन ठेवून मी बॅग भरली.

पैलवान, भरल्या डोळ्यांनी तुला निरोप देते रे.

आई भेटली तर आधी तिला चाव. मग सांग, बाबा जेवतात. आणि मी घरी निघालेय.