थर्ड शिफ्टच्या कादंबऱ्या

साहित्य माणसाचं आयुष्य बदलतं, हे वाक्य मी पालघरच्या कॉलेजात मराठी शिकवताना दरवर्षी एकदा तरी म्हणत असे. खिडकीबाहेर बघणारी मुलंसुद्धा ते वहीत उतरवून घेत, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न येई. निवृत्त होऊन बोईसरला राहायला आले तेव्हा लक्षात आलं, की निदान आमच्या इमारतीत तरी साहित्याचं भवितव्य थर्ड शिफ्टच्या हाती आहे.

तारापूरच्या कारखान्यांत कामाच्या तीन पाळ्या असतात आणि मराठी माणसंही त्यांना फर्स्ट, सेकंड, थर्ड असंच म्हणतात. थर्ड म्हणजे रात्रपाळी. आठवड्या-आठवड्याला पाळी बदलते. ज्या घरातला माणूस थर्डला असतो तो सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतो, आणि त्याच्याबरोबर सगळं घर झोपल्यासारखं करतं. मिक्सर बंद, टीव्ही बंद, कुकर तो उठल्यावर. दाराच्या कडीला रुमाल बांधलेला दिसला की बेल वाजवायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दांडीहून मावरं, म्हणजे मासळी, घेऊन येणारी कोळीण एरवी खालून हाक मारते ती गच्चीपर्यंत जाते. पण रुमाल असला की ती जिन्याच्या कठड्यावर नुसती अंगठी वाजवते.

आता अशा घरातल्या बाईने सकाळभर करायचं काय? बोलायचं नाही, भांडी घासायची नाहीत, फोनवर माहेरी गप्पा मारायच्या नाहीत. धान्य निवडावं तर ते हल्ली निवडूनच येतं. म्हणून ती वाचते. बोईसरमध्ये वाचनसंस्कृती का टिकून आहे यावर कोणी परिसंवाद घेणार असेल, तर त्याने आधी कारखान्याच्या गेटवरचं ड्यूटीचं वेळापत्रक बघावं.

माझ्या समोरच्या दारात राहणारी शेजारीण अशीच वाचक झाली. मूळची जळगावकडची, लग्न होऊन आधी कुंभवलीत एका खोलीत राहिली, मग इथे आली. मुलगी चौथीत, नवरा एका कारखान्यात ऑपरेटर. पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, काहीतरी द्या ना. आवाज न करणारं."

नेमकी तेव्हा माझ्याकडे गठ्ठ्याने पुस्तकं होती. पालघरच्या एका साहित्यसंस्थेने मला त्या वर्षीच्या कादंबऱ्यांची परीक्षक केलं होतं. विषय, प्रेमकथा आणि स्त्रीजीवन. संस्थेच्या पत्रात 'स्त्रीच्या भावविश्वाचा व्यापक पट' हे शब्द दोनदा आले होते आणि खाली सही करणारे चारही पदाधिकारी पुरुष होते. मी होकार दिला, कारण फुकट पुस्तकांना नाही म्हणण्याइतकी माझी तत्त्वं पक्की नाहीत.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सुरुवातीला मी या कादंबऱ्या नाक मुरडत वाचल्या. प्रेमकथा असली की मुखपृष्ठावर दोन चेहरे एकमेकांना लागता लागता राहिलेले. स्त्रीजीवन असलं की बाई पाठमोरी. गठ्ठ्यातल्या निम्म्या बायकांचे चेहरे मी पाहिलेलेच नाहीत. नायिका चाळिशीला आली की तिला स्वतःचा शोध घ्यावासा वाटतो, आणि हा शोध समुद्रसपाटीपासून बराच उंचावर लागतो. देवदार, धुकं, लाकडी खिडकी. एडवणच्या किनाऱ्यावर कोणी तो घ्यायला आल्याचं माझ्या वाचनात नाही. शिवाय घर सोडताना गॅस सिलेंडरचा नंबर कोणी लावला, दूधवाल्याला कोणी सांगितलं, हे लेखिका कळू देत नाही. नायिका थेट कॅफे काढते. कॅफे लगेच चालतो.

हे सगळं मी टिपणात तिरकसपणे लिहून ठेवलं होतं. आणि वाचून झालेलं पुस्तक समोरच्या दारात देत होते.

शेजारणीचं वाचन ठरलेलं होतं. नवरा थर्डला असला की आठवड्यात दोन कादंबऱ्या, फर्स्ट-सेकंडला असला की एकही नाही. पुस्तक परत करताना ती दारातच उभी राहून मत द्यायची. तिला डॉक्टर नायक आवडायचे, वकील आवडायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "हे सगळे इतके देखणे, इतके श्रीमंत. तुला खरे वाटतात?"

"छे. खरे कुठले?" ती म्हणाली. "पण मॅडम, ती बोलत असते ना, तेव्हा तो ऐकत असतो. मधे डोळा लागत नाही त्याचा."

ती गेल्यावर मी गठ्ठ्यातली दोन-तीन पुस्तकं पुन्हा चाळली. ती म्हणत होती ते खरं होतं. या कादंबऱ्यांतला नायक पैसेवाला असतो, स्वयंपाक करतो, पावसात गाडी चालवतो. पण त्याचा मुख्य गुण म्हणजे तो जागा असतो. ज्या गावात अर्धी माणसं दिवसा झोपतात तिथे हा गुण मी इतकी वर्षं हिशेबातच धरला नव्हता. माझ्या टिपणातली चार-पाच वाक्यं मी खोडली.

पुढे शेजारणीच्या नवऱ्याच्या प्लांटमधला एक माणूस काम सोडून गेला, नवीन मिळेना, आणि तो कायमचा थर्डला अडकला. एक आठवडा, दुसरा, असं करत काही महिने गेले. कडीवरचा रुमाल निघेना. तिच्या घरी पुस्तकांचा ढीग वाढला आणि ती दारात उभी राहून मत द्यायची बंद झाली. पुस्तक घ्यायची, "बरं," म्हणायची, आत जायची.

त्याच सुमारास गठ्ठ्यातली सगळ्यात वजनदार कादंबरी तिच्याकडे गेली. लेखिका नावाजलेली, विषय घर सोडून डोंगरात जाणारी बाई. मी ती तिला देत होते तेव्हा कोळीण जिन्यात टोपली टेकवून बसली होती. पुस्तकाच्या जाडीकडे बघून तिने हळू आवाजात विचारलं, "बाय, येवढं काय लिवलंय त्यात?"

"एक बाई नवऱ्याला सोडून जाते," मी सांगितलं.

"का? मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही. तो तिच्याशी बोलत नाही."

कोळणीने बोंबलांवरचं फडकं सारखं केलं. "मंग बरा हाय की. माजा बोलतो."

मी हसले. शेजारीण हसली नाही.

पंधरा दिवसांत कळलं, की तिने मुलीच्या शाळेत दाखल्याची चौकशी केली आहे. शाळा सोडल्याचा दाखला माहेरी चार दिवस राहायला जाणाऱ्या बाईला लागत नाही. तिची नणंद बोईसरलाच राहते. ती रविवारी आली आणि जाताना माझ्या दाराशी थांबली. "मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तिला पुस्तकं द्यायचीच तर देवाधर्माची द्या. असली वाचून संसार होत नसतात." मी म्हटलं, देवाधर्माच्या पुस्तकांतही बऱ्याच जणांनी घर सोडलेलं आहे. पण मनातून मी चरकले होते. पुस्तक माझ्याच हातून गेलं होतं.

एका दुपारी नवराच आला. डोळे लाल, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. हातात ती कादंबरी. खुर्चीच्या कडेवर बसला.

"मॅडम, हे तुमच्याकडचं ना?"

"हो."

"सारखं तिच्या उशाशी असतं." त्याने पुस्तक उलटं करून मागचा मजकूर मला वाचून दाखवला. 'उंबरठा ओलांडून एका स्त्रीने स्वतःकडे केलेला प्रवास.' शाळेतल्या पोराने मोठ्याने वाचावं तसं वाचलं. "दाखल्याचं मला बाहेरून कळलं. ती बोलली नाही. मी पण विचारलं नाही. हे वाचत बसायला मला वेळ नाही. तुम्ही एवढंच सांगा, शेवटी ती परत येते का?"

कादंबरीचा शेवट काय, हे मला विद्यार्थ्यांनी जन्मभर विचारलेलं आहे, परीक्षेच्या आदल्या दिवशी. पण असा चेहरा करून कोणी विचारलं नव्हतं. खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसलं नाही असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे तेवढ्यात दुसरा शेवट सुचला नाही.

"नाही येत," मी म्हटलं.

"नवरा वाईट असतो?"

"नाही. चांगला असतो."

"मग त्याची चूक काय?"

"तो तिला काही विचारत नाही. एवढ्या पुस्तकात दोनदा येतो, दोन्ही वेळा फोनवर. कशी आहेस, का जातेस, काही नाही."

"काम काय करतो तो?"

मी आठवून बघितलं. "ते लिहिलेलं नाही."

"मग तो कुठल्या शिफ्टला आहे ते कसं कळणार?" तो म्हणाला. गंमत म्हणून नाही म्हणाला. मग त्याने विचारलं, "कितव्या पानावर विचारायला हवं होतं त्याने?"

"पहिल्या शंभरात."

मीटरवरचा आकडा बघून घ्यावा तशी त्याने मान हलवली. उठताना म्हणाला, "हे होतं तिथे ठेवतो. मी आलो होतो ते तिला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या कडीला रुमाल नव्हता. तो घरी आलेला मी पाहिला होता, म्हणजे झोपायची वेळ होती. पण आतून बोलण्याचा आवाज येत होता. आधी त्याचा, तुटक. मग बराच वेळ तिचा, चढता. मधेच कुकरची शिट्टी झाली, आणि जिन्यात उभी असलेली कोळीण दचकली.

"भांडण हाय?" तिने मला विचारलं.

"नाही. बोलतायत."

"मंग चालू दे. मी वरती जाऊन येते," ती म्हणाली, आणि अंगठीही न वाजवता टोपली घेऊन गेली.

शेजारणीने मला हे सगळं नंतर सांगितलं, आपणहून, माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना. त्याने तिला सरळ विचारलं होतं, जाणार आहेस का. तिने सांगितलं, हो, वार्षिक परीक्षा झाली की. रागावून नव्हे. "काय झालं मॅडम," ती म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, हिचा घसा दुखतो का? वर्गात उत्तर देते ती कुजबुजूनच. घरी आले, हिला म्हटलं, मोठ्याने बोल की गं. तर तिने आधी आतल्या खोलीकडे बघितलं. तेव्हाच ठरवलं मी. माझं जाऊ दे, मला सवय झाली. पण पोरीने कुजबुजत मोठं व्हायचं का?"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाले, मला वाटलं तुला शांतता आवडते. पुस्तकं वाचतेस."

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी बघू म्हटलं. तो पुन्हा गेला, आणि तिसऱ्यांदा गेला तेव्हा मुलीला बरोबर घेऊन गेला. तिने गेटवर काय केलं मला ठाऊक नाही, पण पुढच्या महिन्यापासून त्याची पाळी पुन्हा फिरू लागली. परीक्षा झाली, निकाल लागला, दाखला कोणी मागितला नाही. मुलगी आता जिन्यात बसून कविता पाठ करते आणि ती सगळ्या मजल्यांना पाठ होते. थर्डच्या आठवड्यात तिला माझ्याकडे पाठवतात. मी पुस्तक मिटून ठेवते, कारण त्या आवाजात वाचणं शक्य नाही.

परीक्षकाचा अहवाल मी त्यानंतर लिहिला. ती जाड कादंबरी मला फारशी आवडली नव्हती. नायिका स्वतःबद्दल फार बोलते आणि डोंगर मधेमधे तिला दुजोरा देतात. पण डोळ्यांसमोर घडलेलं नाकारायचं कसं? मी लिहिलं, की वाचकाच्या आयुष्यात थेट हात घालण्याचं सामर्थ्य या कादंबरीत आहे आणि हे मी अनुभवाने सांगते आहे. बाकीच्या दोघा परीक्षकांनी लगेच मान्य केलं. पालघरला समारंभ झाला. अध्यक्षांनी माझं वाक्य व्यासपीठावरून वाचून दाखवलं, मधे थांबून सभागृहाकडे बघितलं, पुन्हा वाचलं. टाळ्या पडल्या. मला शाल मिळाली.

पुढच्या रविवारी शेजारीण साठलेली पुस्तकं पिशवीत घालून परत द्यायला आली. मी एकेक बाहेर काढत होते. ती कादंबरी हातात आल्यावर विचारलं, "ही कशी वाटली शेवटी?"

"ही होय?" ती म्हणाली. "ही नाही वाचली मॅडम. दोन पानं वाचली, मग नाही जमलं. पण माझी मान धरते ना, तर उशीखाली घालायला बरी पडायची. दुसऱ्या पुस्तकांनी तेवढी उंची होत नाही."

कादंबरी चारशे अठरा पानांची आहे, पक्क्या बांधणीची.