माफीची फेरी

माफी मागायला निघालेल्या माणसाइतका उपद्रवी प्राणी देवाने दुसरा घडवलेला नाही, आणि या बाबतीत माझ्या मावससासूच्या तोडीचं सबंध गोंदिया जिल्ह्यात कुणी झालं नाही. शेजारच्या भंडाऱ्यात असेल तर त्यांनी ते लपवून ठेवलं असावं. अशा बाईला एका शनिवारी मी खरं उत्तर दिलं. तेव्हा मी नवी सून होते, नागपूरच्या चर्चच्या गायनमंडळात गाऊन आलेली, आणि गळ्याच्या मानाने डोकं फारच लहान असलेली. बाकीच्या मूर्खपणांचा दोष मी वयावर टाकते. हा एक मात्र माझ्या स्वतःच्या कर्तबगारीचा.

आमचं गाव सौंदडच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांत. तिथली आमची चर्चची मंडळी एवढी लहान की उपासनेत कुणी शिंकलं तर पाळकसाहेब नाव घेऊन विचारपूस करत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याआधी ते सांगत, कुणाबद्दल मनात काही असेल तर आधी जाऊन समेट करा, मग मेजाशी या. हे ऐकून शहाणी माणसं मान खाली घालतात, एक सुस्कारा सोडतात आणि भाकर-द्राक्षरस घ्यायला उठतात. मावशीने ते अक्षरशः मनावर घेतलं होतं. आदल्या शनिवारी दुपारचं जेवण झालं की ती छत्री काखेत मारून निघायची, आणि महिनाभरात ज्या कुणाबद्दल मनात वाईट आलं असेल त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. यात वाईट काय, असं तुम्हाला वाटेल. वाईट हे, की तिच्या मनात काय आलं होतं हे तोवर त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसायचं.

पोस्टमास्तरीणबाई नाताळात लाडू वाटून कृतकृत्य होऊन बसलेल्या असत. मावशी जाऊन सांगे, "बाई, तुह्या लाडवायले मी मनात गोफणीचे गोटे म्हटलं. माफ कर मले." आता यावर माणसाने काय करावं? माफ केलं म्हणावं तर लाडू गोटे ठरतात, नाही म्हणावं तर आपण पापी ठरतो. बाई दातओठ खात माफ करत आणि वर चहा करून देत, कारण चहाशिवाय मावशी माफी स्वीकारल्याचं धरायचीच नाही. चहात साखर कमी पडली तर पुढच्या महिन्याचं पाप तिथंच जमा होई. खुद्द पाळकसाहेबांना तिने ऐकवलं होतं, "साहेब, तुमच्या उपदेशात मी झोपली, माफ करा. पन जागी होती तवा जास्त राग आला, त्याची बी माफी करून टाका." शेजारच्या बौद्ध घरातल्या काकूंचा आमच्या प्रभुभोजनाशी संबंध काय? पण त्यांचीही सुटका नव्हती. त्या हसून म्हणत, "आमाले काऊन वं बाई, आमी तं तुमच्या चर्चात येत बी नाही." यावर मावशी म्हणे, "तू येत नाही, पन माह्या मनात तं येते ना." एकदा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे सामाईक बांधावरून, बोलणं टाकलेल्या दोन भावांकडे ती गेली आणि दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगून आली, की मी मनात तुलेच चोर म्हणत होती. त्या संध्याकाळी ते दोघे भाऊ एका ओट्यावर बसून मावशीला शिव्या घालताना दिसले. पाळकसाहेबांना वर्षभराच्या प्रार्थनेनं जे जमलं नव्हतं ते असं झालं.

आता तिच्या गाण्याबद्दल. मंडळी गीत म्हणायची आणि मावशी अर्धी ओळ मागून यायची. आवाज असा की पत्र्याचं छप्पर थरथरावं. शेवटचं कडवं संपवून सगळे खाली बसले तरी ती डोळे मिटून उभी, तिची ओळ अजून वाटेत. पाळकसाहेब आशीर्वादाला हात वर करून थांबून राहत, जशी आमच्या स्टेशनावर पॅसेंजर मालगाडीसाठी थांबते. आणि पेटीवर कोण? मी. माझी तेव्हा अशी समजूत होती की स्वर्गातले देवदूत रविवारी सकाळी माझ्याकडून सूर लावून घेतात. नायलॉनची साडी नेसून, मान तिरकी करून मी पेटी वाजवायचे आणि मावशीची ओळ येऊन थडकली की असा चेहरा करायचे, जणू माझ्या पायावर कुणी उखळ टाकलं.

त्या शनिवारी मावशी माझ्या दारात आली. "सूनबाई," ती म्हणाली, "तू पेटीवर बसली की मले मनात वाटते, ही देवासाठी वाजवून राहिली का आरशासाठी. माफ कर." मी माफ केलं, चहा केला. मग तिने नेहमीसारखं विचारलं, "तुह्या मनात काही असन तं सांगून टाक. मोकळी हो." जुनी जाणती माणसं अशा वेळी काही नाही म्हणतात. मी ताठ मानेने म्हणाले, "मावशी, तुम्ही गायला लागलात की मी देवाजवळ मागते, यांचा घसा बसू दे."

मावशीने चहा संपवला, कप पालथा घातला आणि छत्री उचलून गेली. माझा नवरा राईस मिलमधून आल्यावर मी त्याला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तो बराच वेळ हात धूत राहिला आणि म्हणाला, "तू नागपूरलेच बरी होती."

दुसऱ्या दिवशी गीत एकदम वेळेवर संपलं. मी चमकून पाहिलं तर मावशी पुस्तक मिटून गप्प उभी. माझ्या आयुष्यभराच्या प्रार्थनांपैकी एवढी एकच देवाने इतक्या तातडीने मनावर घेतली. मग प्रभुभोजनासाठी सगळे उठून मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला गेले आणि मावशी बाकावरच बसून राहिली. लोकांना वाटलं, गुडघे धरले असतील. पुढच्या महिन्यात फेरी झाली, माझं घर वगळून. आणि रविवारी ती पुन्हा बाकावर. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मनात एक आहे साहेब. निघून नाही राहिलं. तसंच घेऊन कसं येऊ मेजापाशी?" मी मात्र दोन्ही वेळा सगळ्यांच्या आधी गुडघे टेकले होते आणि साडीला चुणी पडू नये याची काळजी घेतली होती.

कोणाबद्दल आहे, हे मात्र ती सांगेना. मनात आलेलं गावभर वाटणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट झाकून ठेवली, ती नेमकी माझी. त्याचा परिणाम असा झाला की मंडळीतल्या प्रत्येकाची खात्री पटली, ते आपल्याबद्दलच आहे. पाप कुणाचं कमी असतं? त्यापुढच्या फेरीच्या शनिवारी मावशीच्या अंगणात रांग लागली. पोस्टमास्तरीणबाई लाडू घेऊन आल्या आणि कबूल करून गेल्या की मावशी दिसली की त्या दाराला आतून कडी लावत. दोघे भाऊ जोडीने आले. पाळकसाहेबसुद्धा आले; म्हणाले, तुम्ही झोपलात की मला हायसं वाटायचं. मावशी प्रत्येकाला "तू नोहे वं," "तुमी नोहे जी" म्हणत परत पाठवी, आणि प्रत्येक जण बाहेर येऊन दुसऱ्याला सांगे. एरवी एकमेकांच्या चुलीवर काय शिजतं यापलीकडे चौकशी न करणारी ही माणसं त्या दिवशी बांधावर उभी राहून एकमेकांना मनातलं सांगत होती. हे सगळं मी खिडकीतून बघत होते. मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं असतं, पण खोटं कशाला? मला हिशेब कळला होता. सगळे जाऊन आले की उरणार कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

ऊन उतरल्यावर गेले. मावशी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"मावशी, मी आले."

"दिसते मले. तू घशाचं मांगितलं होतं ना, डोयाचं तं नाही."

"माफ करा. तुमच्या गाण्याला नावं ठेवली."

"गान्याचं कायले सांगून राहिली? मागं राहते मी, मले का मालूम नाही? धानाच्या रोवन्यात शिकली, चिखलात रोपं लावतानी. एक बाई पुढं म्हनते, बाकीच्या मागून झेलतेत. पुढं म्हननारं असन तं झेलनारं बी पायजे ना कोनी."

"मग राग कसला?"

तिने सूप खाली ठेवलं. "तुले तरास होत होता तं मले सांगतलं असतं. हळू गायली असती मी. मधात देवाले कायले आनलं? इतकी वर्सं मी त्याच्यासाठीच गाऊन राहिली, आन् त्याच्याचजवळ तू माह्यी चुगली केली."

नागपूरच्या गायनमंडळात हे शिकवलेलं नव्हतं. मी रडले, आधी थोडं दाखवण्यासाठी, मग खरंच. मावशीने रडणं पुरतं होऊ दिलं, मग म्हणाली, "बस आता. चहा ठेव. आन् हात आखडून साखर नोको टाकू." रविवारी ती कठड्याशी आली, कुरकुरत माझ्याच शेजारी गुडघे टेकले, आणि शेवटच्या गीताला अर्धी ओळ मागून असा आवाज लावला की दोन महिन्यांचं उरलेलं सगळं वसूल केलं. पाळकसाहेब हात वर करून थांबले. चर्चच्या फाटकाशी माझा दंड धरून ती म्हणाली, "माफ केलं तुले. पन तुह्यी ते प्रार्थना बंद नोको करू. पाहू तं खरं, देव कोनाचं आयकते."

आता पत्र्याच्या जागी स्लॅब आहे, पेटीच्या जागी कीबोर्ड, गीताचे शब्द भिंतीवर झळकतात, आणि बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं नेमकी उपदेशाच्या वेळी डोक्यावर घिरट्या घालतात. गीत अगदी वेळेवर संपतं. सगळे एकदम थांबतात, आणि त्या शांततेत मला काहीतरी यायचं राहिल्यासारखं वाटतं. शनिवारची फेरी मीच करते. सुना म्हणतात, फोनवर उरकत जा. मला येताना पाहून कोण कोण कडी लावतं तेही मला ठाऊक आहे. शेवटचं घर मावशीचं. नव्वदी कधीच ओलांडली तिने, खाटेवरून उठत नाही, आणि या थंडीत तिचा आवाज गेला तो गेलाच. परवा चहात मुद्दाम जास्त साखर घालून मी तिच्यापाशी बसले, महिनाभराचं माझं सगळं सांगितलं. तिने खूण करून मला जवळ ओढलं आणि कानाशी नुसत्या श्वासाने म्हणाली, "आयकलं वं शेवटी त्यानं तुह्यं. आता माह्या वाटनीचं तू गाय. पन घाई नोको करजो."