नकाशेबाईंचा नकाशा

हॉस्पिटलात तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती नकाशेबाई. पेशंटच्या छातीचा स्कॅन आला की त्यावरून श्वासनळ्यांचा नकाशा बनवायचा, गाठीपर्यंतची वाट त्यात आखायची आणि तो रोबोटला द्यायचा, हे तिचं काम. मग डॉक्टर पडद्याकडे बघत रोबोट चालवत आणि त्याची बारीक नळी तोंडावाटे आत जाऊन वाटाण्याएवढ्या गाठीचाही तुकडा काढून आणे. कॅन्सर इतका लहान असताना सापडला तर माणूस बहुतेक वेळा वाचतो, हे ती भेटेल त्याला ऐकवी. लोकांचे कान किटले, पण बाई थकल्या नाहीत.

तरी स्वतःच्या नवऱ्याला स्कॅनला धाडायला तिला दोन वर्षं लागली. गृहस्थ सिगारेटचा पक्का. सहा वर्षांपूर्वी तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने सिगारेट सोडल्याची शपथ घेतली होती, आणि एवढी हुशार बाई त्या हातावर विसंबून होती. तो तयार झाला, पण तुझ्या हॉस्पिटलात नको म्हणाला, सगळे ओळखीचे. मग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सेंटरमध्ये वेळ घेतली. सोबत धाकटा दीर गेला, बारक्या. तो फरशा कापायच्या कारखान्यात होता. ती लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला तिनेच लहानाचा मोठा केला होता.

रिपोर्टमध्ये उजव्या फुफ्फुसात नऊ मिलिमीटरची गाठ निघाली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बारक्याला कळवू नकोस, पोर घाबरेल, एवढंच तो म्हणाला. केवढी ही माया, असं तिला वाटलं. तिने नकाशा बनवला, एकेक वळण तीनतीनदा तपासलं. घरच्या माणसाच्या केसला बसू नका, असं डॉक्टरांनी सुचवून पाहिलं, पण ती कसली ऐकते.

तीन आठवड्यांनी नवऱ्याला टेबलावर घेतलं. भूल चढेपर्यंत ती त्याचा हात धरून होती. नळी आत गेली. पुढे सरकण्याआधी नकाशा आणि आतलं खरं चित्र जुळवून घ्यावं लागतं. ते जुळेना. नकाशात उजवीकडच्या वरच्या फाट्याला दोन तोंडं होती, समोर दिसत होती तीन. तिने मशीनला शिव्या घातल्या, पुन्हा जुळवलं, तिसऱ्यांदा जुळवलं. चोवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यापेक्षा मशीनवर आळ घेणं सोपं होतं. शेवटी डॉक्टरांनी नळी बाहेर काढली.

"नकाशा चोख आहे, बाई," ते म्हणाले. "स्कॅन या माणसाचा नाही."

नवरा शुद्धीवर आला तेव्हा ती खाटेशी फोन घेऊन बसली होती. रिपोर्टची अदलाबदल करणाऱ्या त्या सेंटरवाल्यांना ती आता चांगलंच फैलावर घेणार होती. फोन करू नकोस, तो म्हणाला, आणि मग सगळं ओकला. सिगारेट सुटलीच नव्हती. स्कॅनमध्ये पितळ उघडं पडेल म्हणून त्याने स्वतःचं कार्ड देऊन बारक्याला आत पाठवलं होतं.

"म्हणजे गाठ बारक्याची," ती म्हणाली. "त्याला सांगितलंत?"

"वाटलं, माझ्यात काही सापडणार नाही, आणि विषय मिटेल."

"आणि त्याची गाठ? ती कशी मिटणार होती?"



खोट्या शपथेचं तिला आता काहीच वाटेना. सिगारेटचा राग तिने गिळलाही असता. पण सख्ख्या भावाचा जीव टांगणीला लावून हा माणूस मुकाट टेबलावर झोपला होता, तेही तिनेच बनवलेल्या नकाशाच्या भरवशावर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती बाहेर आली आणि तिने बारक्याला फोन लावला. मागे कटरचा आवाज चालू होता. स्कॅनला आत कोण गेलं होतं, तिने विचारलं.

"सापडलो का?" तो हसला. "रागावू नकोस, वहिनी. दादाच म्हणाला, एवढं माझ्यासाठी कर. आणि फायदा माझाच झाला बघ. रिपोर्ट एकदम साफ आला, तुझी छाती ठणठणीत आहे, असं दादाने सांगितलं. म्हणून तर मी खोकला दाखवायला जायचं रद्द केलं."

"कटर बंद कर, बारक्या," ती म्हणाली. "मी तुला घ्यायला येतेय."