घासलेले राजे

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुरोंग ईस्टला एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, गाडी बदलत होतो. मीनावहिनी एवढंच म्हणाल्या, "सुटले हो, भाऊजी." मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. गाड्या आल्या, गेल्या... खरं सांगायचं तर माझा मित्र त्याच्या कितीतरी आधीच गेला होता, आणि त्याचा राग मला अजून येतो. कुणावर, ते विचारू नका.

पाया लेबारच्या एका ऑफिसात आम्ही दोघं अकाउंट्समध्ये. बाकीचे कॉंडोची स्वप्नं बघायचे. हा पठ्ठ्या स्पेनच्या राजांची जुनी चांदीची नाणी जमवायचा. "अरे, या बेटावर एके काळी हीच चालायची," म्हणत नाणं हातावर ठेवायचा, तेही कडेला धरून. त्याचं सगळ्यात लाडकं चौथ्या कार्लोसचं. हा राजा गादीवर आला, पण त्याचा चेहरा समुद्रापलीकडे मेक्सिकोच्या टांकसाळीत पोहोचलाच नव्हता. तिथल्या लोकांनी मेलेल्या बापाच्या चेहऱ्याभोवती मुलाचं नाव छापून टाकलं. "नाव एकाचं, तोंड भलत्याचंच!" दरवेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा हसायचा. "पुरे रे बाबा, पाठ झालंय," मी म्हणायचो.

एका गोष्टीवर मात्र तो अंगावर यायचा. नाणं घासायचं नाही! तो काळपट थर म्हणजे नाण्याचा जीव, असं त्याचं म्हणणं. लक्ष्मीपूजनाला वहिनींनी एकदा त्यातलं एक रिठ्याच्या पाण्यात टाकायला घेतलं, तर केवढं आकांडतांडव केलं त्यानं. तेव्हापासून त्या सराफाकडची लक्ष्मीची नाणीच पुजायच्या.

मग त्याला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. मला 'नाना' म्हणायला लागला. नाना म्हणजे त्याचा कधीच वारलेला थोरला भाऊ. राजे मात्र अचूक ओळखायचा. वहिनी रोज नाण्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवायच्या. "या राजांना ओळखतात ना, भाऊजी, तोवर काहीतरी शिल्लक आहे."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी बेडोकला त्यांच्या घरी गेलो. दार त्याच्या लेकीनं, ईशानं उघडलं, डोळे लाल. "अंकल, ही वोन्ट स्टॉप लाह." स्वयंपाकघरात दिलीप जमिनीवर मांडी घालून बसलेला. समोर वाटीत रांगोळी, हातात ओली चिंधी, सगळा डबा पालथा... खसाखसा घासत होता. राजांच्या गालांवर, नाकांवर नुसते ओरखडे.

"दिल्या, मेल्या, काय केलंस हे!" मी ओरडलोच.

"नाना, आईनं पूजेची चांदी घासायला सांगितलीय," तो म्हणाला. "झालीच बघ."

मी कार्लोसचं नाणं त्याच्यापुढे धरलं. "हा कोण?"

त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चांदी आहे."

वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी त्याला काहीच ओळखायला लावलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. दिवाळी आठवड्यावर आलीय, खाली हॉकर सेंटरात, खाण्याच्या गाळ्यांपाशी, ओळखीचे मराठी लोक फराळाच्या ऑर्डरीचं बोलत होते. वहिनींनी डबा काढून दाखवला. इतकी लखलखीत चांदी मी कुणाच्या घरी पाहिलेली नाही.

"लक्ष्मीपूजनाला तरी मांडा," मी कसाबसा म्हणालो. "त्यासाठीच घासलीत त्यानं."

वहिनींनी झाकण लावलं.

"यंदा आमच्याकडे सण नाही, भाऊजी."