एकशेवीसची घंटा

इनायत सोलकर हा राजापूरचा माणूस कतारच्या दोह्यात गाड्यांचा डॉक्टर म्हणून मिरवायचा, आणि त्याचा पहिला पेशंट मी. म्हणजे पहिला मूर्खही मीच. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी दुसऱ्यांना हसलो की तुम्ही म्हणाल, निवृत्ती जगदाळे, तू कोण मोठा शहाणा लागून गेलास!

२००४ची गोष्ट. सनाया म्हणजे दोह्याच्या गॅरेजांचा आणि कारखान्यांचा भाग. तिथे एका गॅरेजात मी गाड्यांचे एसी बघायचो आणि इनायतभाई वायरिंग. राहायलाही अल मुंतझा भागात एकाच खोलीत. त्या वर्षी जो तो एकच शब्द चघळत होता: चिप. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलला की तीच गाडी दुप्पट पळते, असं कुणीतरी दुबईहून ऐकून आलं होतं. बरं, वेड लागलं कुणाला? मोठ्या जीपवाल्यांना नाही. त्यांच्या गाड्या पळतच होत्या. वेड लागलं तेराशे सीसीच्या डबड्यातून ऑफिसला जाणाऱ्या आपल्या क्लार्क आणि स्टोअरकीपर मंडळींना. चार माणसं बसवून एसी लावला की फ्लायओव्हरवर जिला धाप लागते, तिचा यांना घोडा करायचा होता.

इनायतभाईने दुबईहून एक केबल आणि सीडी मागवली. पहिला प्रयोग गॅरेजच्याच गाडीवर केला आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जागच्या जागी खलास! गाडी ट्रकवर घालून न्यावी लागली. मालकाने दिलेल्या शिव्या अरबीत होत्या म्हणून बरं. त्या दिवसापासून इनायतभाईने कॉम्प्युटरला हात लावला नाही. पण गिऱ्हाईकं थांबतात होय? रोज एक उभं. 'इनायतभाई, चिप करा ना.'

मग त्याने डोकं चालवलं. इकडच्या गाड्यांमध्ये एक घंटा असते. काटा एकशेवीसला टेकला की टिंग टिंग टिंग सुरू, आणि पाय सोडेपर्यंत डोकं उठवते. इनायतभाई लॅपटॉप बॉनेटवर ठेवायचा, केबल स्टिअरिंगखाली खोचायचा, गिऱ्हाइकाला चहाला पिटाळायचा आणि तेवढ्यात घंटेची डबी काढून खिशात टाकायचा. बस्स, एवढंच! स्क्रीनवर एक लाल रेघ सरसर वर चढलेली असायची. ती दाखवून म्हणायचा, 'बघा, पॉवर कुठे गेली ती.' ती रेघ रत्नागिरी जिल्ह्याच्या पावसाची होती. भाच्याने शाळेच्या प्रोजेक्टसाठी केलेली. जूनपासून चढायची ती जुलैत माथ्याला. खाली लिहिलेल्या महिन्यांवर इनायतभाईने काळी पट्टी चिकटवली होती.

हे मला वर्षभराने कळलं. तोवर मी स्वतः 'चिप' करून घेतली होती आणि दुखानच्या रस्त्यावर एकशेतीसने जाताना ओरडलो होतो, 'अरे उडतेय की गाडी!' गाडी आधीही एकशेतीसने जात होती. पूर्वी घंटा वाजायची म्हणून मी पाय काढायचो, आता वाजत नव्हती म्हणून काढत नव्हतो. कळलं तेव्हा मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो आपला गालातल्या गालात हसतोय. म्हणाला, 'इंजिन बिघडला काय तुझा? मग ओरडतोस कशाला?'

दुखानच्या तेल कंपनीत आबासाहेब नावाचे एक स्टोअरकीपर होते. साताऱ्याचे, मिशा पिळदार, गाडी टीचभर. चिप केल्यावर त्यांनी आम्हा दोघांना चक्कर मारून आणली. 'खेच बघ कशी आहे! पेट्रोलपण कमी खातीय.' मी मागच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून बसलो. इनायतभाई गंभीरपणे म्हणाला, 'आबासाहेब, रोज सकाळी दोन मिनिटं इंजिन तापू द्या, नायतर चिप उतरते.' त्या माणसाने ते दोन वर्षं पाळलं हो!

असा हा लबाड माणूस. पण घरी फोन लावला की त्याचं पाणी पाणी व्हायचं. राजापूरला बायको रुकैया आणि मुलगी हनिया. त्यांना इकडे आणायचं हा त्याचा एकच ध्यास, आणि तिथेच सगळं अडलेलं. कारण त्याच्या व्हिसावर धंदा लिहिला होता 'नज्जार', म्हणजे सुतार. एजंटाकडे त्या दिवशी सुताराचाच व्हिसा शिल्लक होता, म्हणून हा सुतार. जन्मात एक खिळा ठोकला नव्हता. सुताराला फॅमिली व्हिसा मिळत नाही. टेक्निशियन लिहून आलं की मिळतो. ते बदलायची सही आमच्या कफिलाची, म्हणजे गॅरेजच्या कतारी मालकाची. तीन वर्षं हा विचारतोय आणि तो म्हणतोय इन्शाल्ला. रुकैया दरवर्षी व्हिसासाठी दोघींचे नवे फोटो काढून पाठवायची. तीन वर्षांचे तीन जोड त्याच्या उशीखाली होते. पहिल्या फोटोत हनियाचे पुढचे दात नव्हते, तिसऱ्यात तिने ओढणी घेतली होती.

आणि एक दिवस कफील स्वतःहून आला. मागे एक छोटी नवी गाडी. त्याच्या मुलीला लायसन्स मिळालं होतं. तिचा चुलतभाऊ महिन्यापूर्वीच गाडीच्या अपघातात गेला होता, त्यामुळे बाप घाबरलेला. म्हणाला, 'इनायत, तू सगळ्यांच्या गाड्या पळवतोस. ही हळू कर. ऐंशीच्या वर जायला नको. कर, मग तुझा कागद मी बदलतो.'

कफील गेल्यावर मी म्हटलं, 'यल्ला, आणा लॅपटॉप. दाखवा त्याला पाऊस आणि या कागद घेऊन.'

'नाय.'

'नाय काय? साताऱ्याचा माणूस गंडला, हा नाही गंडणार?'

'पोरीची गाडी हाय ती, निवृत्ती,' तो म्हणाला. एवढंच.

मला हसू आलं. अहो, दोन वर्षं पाऊस विकणारा माणूस! पण त्याने कॉटखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात काढलेल्या सगळ्या घंटा, पन्नासेक तरी; काही भंगारात निघालेल्या मोठ्या गाड्यांच्याही. ही डबी चाकाचे फेरे मोजून वेग ठरवते. मोठ्या गाडीची डबी छोट्या गाडीला लावली की तिची मोजणी चुकते आणि ती लवकर ओरडते. पण कुठली किती लवकर, ते लावल्याशिवाय कळायचं नाही. तीन शुक्रवार आम्ही दुखानच्या रस्त्यावर उन्हात भाजत होतो. तो डबी लावायचा, मी काटा वाचायचो. एकशेदहा. पंच्याण्णव. एक तर चाळीसलाच बोंबलली. अकरावी एका जुन्या व्हॅनची होती. काटा ऐंशीला टेकला आणि टिंग टिंग टिंग! इनायतभाईने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हसला. उभ्या जन्मात त्याने केलेलं ते पहिलं खरं ट्यूनिंग.

इथेच गप्प बसायचं ना! नाही. हरिश्चंद्र संचारला अंगात. कफिलासमोर हात बांधून म्हणाला, 'अर्बाब, गाडी ऐंशीला थांबत नाही. फक्त घंटा वाजते, आणि ही मी कुणालाही काढता येणार नाही अशी बसवलीय. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं मला काही येत नाही. कधीच येत नव्हतं.' मी मागे उभा राहून कपाळ बडवलं.

कफिलाने गाडी चालवून पाहिली. उतरला, इनायतभाईला मिठी मारली. म्हणाला, इतकी वर्षं माणसं पाहिली, असा खरं बोलणारा नाही पाहिला. पंधरा दिवसांत कागद आला.

इनायतभाईने तो खोलीत उघडला. लहानपणी मदरशात शिकलेला, त्यामुळे अरबी अक्षरं घडाघडा वाचायचा, अर्थ समजो न समजो. नाव वाचलं, पासपोर्टचा नंबर वाचला. पुढचा शब्द वाचला आणि थांबला. तो शब्द आम्हा दोघांनाही येत होता. सायीक. ड्रायव्हर. घरचा ड्रायव्हर.

कफील म्हणाला होता म्हणे, की मुलीच्या जिवाची एवढी काळजी करणारा दुसरा ड्रायव्हर कुठून आणू? आणि टेक्निशियन कसं लिहू, काही येत नाही असं तूच सांगितलंस. बोला आता! घरच्या ड्रायव्हरलाही फॅमिली व्हिसा नाही. मी इतका संतापलो की कागद फाडायला निघालो. खोटं बोलून दोन वर्षं सलाम घेतले आणि एकदा खरं बोलला तर ही शिक्षा? इनायतभाईने माझ्या हातातून कागद घेतला, नीट घडी घालून फोटोंच्या खाली ठेवला आणि घरी फोन लावला. स्पीकर चालू होता.

'कागद झाला काय?' रुकैयाने विचारलं.

'झाला. मी आता ड्रायव्हर. तुमाला आणता येणार नाय.'

इतकी वर्षं ती त्याला कॉम्प्युटर इंजिनियर समजत होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल.

मग ती म्हणाली, 'गाडी हळू चालवता ना?'

'ऐंशीच्या वर जातच नाय,' इनायतभाई म्हणाला.