माहेरचं पाणी

आईचं माहेर भीमेकाठी, दौंडच्या खाली. सासर घोटावड्यात, मुळेवर. आमची मुळा पुण्यात मुठेला भेटते, मग दोघी मिळून भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट पूर्वेच्या समुद्राला. हा भूगोल मला शाळेने नाही, आईने शिकवला, तोही तिच्या सोयीपुरता. तिची नदी माहेरच्या घाटावर संपायची. दर श्रावणात ती मुळेची ओटी भरायची, खण-नारळ पाण्यात सोडायची आणि मामाला फोन करून सांगायची, निरोप धाडलाय, लक्ष ठेव. आम्ही हसायचो. मामा हसत नसे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. जायच्या आधी एवढंच म्हणाली, "माजी राख हितंच सोडा. म्हायेरावरनं जाईन पुढं."

सावडून झाल्यावर मडकं घेऊन गावच्या नदीवर गेलो. पात्रात जलपर्णी, सोसायट्यांच्या सांडपाण्याचा फेस, नाकाला रुमाल लावावा असा वास. इथे आईला सोडायचं? जीव होईना. रागारागाने गाडी काढली आणि तिला मुळशी धरणावर नेलं, भिंतीच्या वरच्या अंगाला. तिथलं पाणी निवळ, काठाशी तळ दिसेल असं. राख हलकेच सोडली. बरं केलं असं वाटलं, अभिमानच वाटला म्हणा ना.

दहाव्याला चुलत्यांनी विचारलं, कुठं सोडली. मी सांगितलं.

"आरं, तितलं पानी बोगद्यातनं कोकनात जातंय," ते म्हणाले. "विजेसाठी. आपल्याकडं न्हाई."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मुळशीतलं शेंबडं पोरही सांगेल, की धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरतं. पण मडकं हातात असताना मला फक्त स्वच्छ पाणी दिसलं. जन्मभर माहेराकडे डोळे लावून बसलेल्या बाईला मी उलट्या दिशेला धाडलं. आता काही करता येत नाही. चुलते समजूत घालतात, पावसाळ्यात दारं उघडली की पाणी इकडेही येतं. येतं. पण मी तिला उन्हाळ्यात सोडलं.

मामाला हे सांगायचं धाडस झालं नाही. तो रोज सकाळी फुलं घेऊन घाटावर जात होता. महिन्याभराने त्याचा फोन आला.

"अक्का हितनं गेली आसंल न्हवं रं आता?"

"व्हय मामा," मी म्हणालो. "कवाच."

"मंग उद्यापासनं म्या घाटावर जात न्हाई," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.